थोरल्यांचा पाय

सिनेमाचं नाव मी इथे लिहिणार नाही. फुकटची जाहिरात कशाला? तशीही त्याची चित्रं भिंतीभिंतीवर चिकटवली आहेत. धुकं, चिखलात रुतलेला रणगाडा, आणि त्याच्या झाकणातून छातीपर्यंत वर आलेला एक राकट माणूस. दात आवळलेले, डोळ्यांत अंगार. हा माणूस म्हणून ज्यांना दाखवलंय त्यांना मी चांगली ओळखत होते. ते आमच्या नाटकांना यायचे, बायकोशेजारी अवघडून बसायचे, आणि रडवणारा प्रवेश आला की बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचे. नाडी बराच वेळ बांधून व्हायची नाही. रंगमंचावरून मला ते दिसायचं आणि मी मनात म्हणायचे, चला, आजचा प्रवेश जमला.

त्यांना सगळे थोरले म्हणत. पण मला सांगायचंय ते सैन्यात त्यांच्या हाताखाली असलेल्या माणसाबद्दल. आमच्या नाटक कंपनीच्या ट्रकचा ड्रायव्हर, हळूभाऊ.

हे नाव आमच्या मॅनेजरनं ठेवलं. महालाचे खांब, तुरुंगाचे गज, सिंहासन, माझे भरजरी पोशाख, हे सगळं ज्या ट्रकमधून गावोगाव जायचं तो हळूभाऊ चालवत. चालवत म्हणजे काय, सायकलवाले त्यांना मागे टाकून पुढे जात आणि जाताना हात हलवत. मॅनेजर डोक्याला हात लावायचा. "अहो, नाटक आज आहे! आज!"

"आज आहे म्हणून तर निघालोय," हळूभाऊ म्हणायचे. "सिंहासन अख्खं पाहिजे की लवकर पाहिजे, तेवढं सांगा."

एकदाही त्यांनी प्रयोग चुकवला नाही. तिसरी घंटा व्हायच्या आत सिंहासन जागेवर असायचंच. कधी त्याच्या पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा लागायचा, तो भाग वेगळा.

हळू चालवायचं कारण होतं. नाटक कंपनीत येण्याआधी हळूभाऊ सैन्यात रणगाडा चालवत. लढाईत त्यांचे डोळे भाजले. डॉक्टरांनी ते बरे केले, कागदोपत्री अगदी ठणठणीत केले, पण हळूभाऊंचा स्वतःच्या डोळ्यांवर पुरता विश्वास परत बसला नाही. समोर रस्ता रिकामा दिसला तरी तो खरोखर रिकामा आहे ना, अशी खात्री करून ते पुढे जात.

लग्न केलं नाही. राहायला गॅरेजच्या वरची खोली. लोखंडी खाट, स्टोव्ह, खिळ्याला टांगलेली पाच-सहा हत्यारं आणि खालून येणारा डिझेलचा वास. त्यांचं घर खरं म्हणजे थोरल्यांचं घर. दर रविवारी दुपारचं जेवण तिकडे. थोरले वारले, तरी रविवार चुकला नाही. जाताना ते पाना घेऊन जायचे. वहिनींकडे एखादा नळ गळत असायचाच, नसला तर हळूभाऊ तो जरा सैल करून मग घट्ट करायचे.

थोरल्या वहिनी दार उघडतानाच सुरुवात करायच्या. "पोचलात? मला वाटलं आता पुढच्या रविवारचाच भात टाकावा लागतोय."

"गरम असेल तर तोही चालेल," हळूभाऊ म्हणायचे आणि चपला काढून थेट स्वयंपाकघरात. थोरल्यांच्या लेकीला लहानपणी ते खांद्यावर घेऊन फिरवायचे. ती मोठी होऊन नर्स झाली तरी तिच्यासाठी हे हळूकाकाच.

आता त्या लढाईबद्दल. रणगाड्यात तिघं होते. थोरले म्हणजे त्या रणगाड्याचे प्रमुख, एक तोफवाला, आणि हळूभाऊ चालक. तिघांचा एक दंडक होता: रणगाड्यातलं रणगाड्यात. बाहेर काही बोलायचं नाही, घरी तर अजिबात नाही. बायकांच्या झोपा कशाला उडवायच्या, असं त्यांना वाटायचं. त्यामुळे वहिनींना एवढंच ठाऊक होतं की रणगाडा शत्रूच्या मुलखात अडकला होता, तिघं बेपत्ता होते आणि मग परत आले. तोफवाला पुढे काही वर्षं जगला आणि गेला. मग थोरले गेले. हळूभाऊ एकटे उरले.

आणि एक दिवस त्या सिनेमाचा दिग्दर्शक जिना चढून हळूभाऊंच्या खोलीवर आला.

मी तिथे होते. हळूभाऊंनीच बोलावलं होतं. "बाई, तुम्ही बसा. या लोकांची भाषा तुम्हाला कळते." पोरगा तसा गोड होता. चपला बाहेर काढल्या, स्टोव्हवरचा काळा चहा कपाळाला आठी न घालता प्यायला. म्हणाला, "काका, तुम्ही नाही सांगितलंत तर हे कुणालाच कळणार नाही." हळूभाऊंना ते पटलं. मलाही पटलं. दोघं गेलेले, तिसरा म्हातारा. ज्यांच्यासाठी दंडक होता ते उरले कुठे? वहिनी उरल्या होत्या, हे मात्र तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यांनी सगळं सांगितलं. दाट धुक्यात ते बाकीच्या रणगाड्यांपासून चुकले. एका कालव्याशेजारी रणगाडा घसरला, त्याच्या एका बाजूच्या चाकांवरचा लोखंडी पट्टा निखळला. धुकं जरा विरळ झालं तर पलीकडे शत्रूच्या गाड्या उभ्या. हे तिघं एका मोडक्या वीटभट्टीच्या आडोशाला. थोरले आणि तोफवाला पोटावर सरपटत बाहेर गेले आणि आवाज होऊ नये म्हणून हातोड्याला सदरे गुंडाळून पट्टा बसवत राहिले. पट्टा बसला, रणगाडा सुरू झाला आणि त्या आवाजानं ते सापडले. पहिला गोळा समोरच फुटला. हळूभाऊंच्या डोळ्यांसमोरची काच गेली, डोळे भाजून दिसेनासं झालं. आतल्या आत बोलायचा फोनही गेला. इंजिनाचा आवाज एवढा की कानाशी ओरडलं तरी ऐकू येऊ नये. तोफवाल्याच्या मांडीतून रक्त वाहतंय. चालकाला दिसत नाही, आणि ज्याला दिसतंय त्याला सांगता येत नाही.

"मग?" दिग्दर्शकानं विचारलं.

"मग थोरल्यांनी बूट काढले," हळूभाऊ म्हणाले.

आणि ते खाटेसमोर जमिनीवर बसले. दिग्दर्शकाला म्हणाले, खाटेवर बस आणि पाय माझ्या खांद्यांवर ठेव. तो रणगाडा जुना, लहान. प्रमुखाची जागा चालकाच्या बरोबर मागे आणि वर. थोरले झाकणातून डोकं बाहेर काढून उभे राहिले, गोळ्या सुटत असताना, आणि पायांनी वाट दाखवत गेले. उजव्या खांद्यावर दाब म्हणजे उजवीकडे. डाव्यावर म्हणजे डावीकडे. पाठीत टाच म्हणजे पुढे. डोक्यावर पाय म्हणजे थांब.

"बूट का काढले?" पोरानं विचारलं.

"मला लागू नये म्हणून. आणि पायाला माझा खांदा नीट कळावा म्हणून. बुटातून कळत नाही." मग हळूभाऊ हसले. रणगाड्यातली माणसं आपसात बोलताना जशी फुशारकी मारतात तसं म्हणाले, "थोरल्यांनी मला लाथा घालत घालत घरी आणलं, बघ."

हे सगळं दिग्दर्शकानं ऐकलं होतं. बूट काढल्याचं ऐकलं होतं. स्वतःचे पाय त्या खांद्यावर ठेवले होते. उद्या कुणी म्हणेल की गैरसमज झाला, म्हणून स्पष्ट लिहिते. गैरसमज नव्हता.

पहिल्या खेळाला आम्ही दोघं गेलो. सुरुवातीलाच काळ्या पडद्यावर हळूभाऊंचा फोटो आणि खाली अक्षरं: 'वाचलेल्या चालकाच्या तोंडून ऐकलेली सत्यकथा.' हळूभाऊ जरा लाजले. मग तो राकट माणूस आला. तो तोफवाल्याला शिव्या देतो. जखमी माणसाचं पाणी स्वतः पितो. आणि धुक्यातून परत येताना, आंधळ्या झालेल्या चालकाच्या डोक्यावर, बुटांसकट, दणादण लाथा. "चल! चल म्हणतो ना!" चालकाच्या कपाळावरून रक्त. शेजारच्या खुर्चीतली बाई तोंडावर हात ठेवून म्हणाली, "राक्षस आहे मेला."

हळूभाऊंनी माझ्याकडे वाकून विचारलं, "बाई, हा कोण?"

"थोरले," मी म्हणाले.

"ते नाही हो विचारत. हा कोण?"

खेळ सुटल्यावर आम्ही दिग्दर्शकाला गाठला. तो लोकांच्या घोळक्यात पॉपकॉर्न खात उभा होता.

"काका, प्रेक्षकाला संघर्ष लागतो," तो म्हणाला. "शत्रू बाहेर आहेच. पण खरा शत्रू आत असला की गोष्ट वर जाते."

"आत आम्ही तिघं होतो," हळूभाऊ म्हणाले. "चौथा मावायला जागा नव्हती."

"आणि आपण नाव कुठे वापरलंय? नुसतं थोरले म्हटलंय. ती हाक फार गोड आहे, म्हणून ठेवली."

मी जन्मभर वाईट बायका रंगवल्या. सावत्र मुलांना विष घातलं, सुनांना छळलं, एका नाटकात तर राजा गिळून बसले. लोक शिव्या घालायचे आणि ती आमची बिदागी होती. पण त्या बायकांची लेकरं प्रेक्षागृहात बसलेली नसत. त्या कुणाच्या नव्हत्या, आम्ही रचलेल्या होत्या. मेलेल्या खऱ्या माणसाची हाक उचलायची, ती राक्षसाला लावायची, आणि वर त्याच्या जिवलगाचा फोटो साक्षीला चिकटवायचा, याला आमच्या वेळी कला म्हणत नसत. काय म्हणत ते छापण्याजोगं नाही.

रविवारी हळूभाऊ म्हणाले, "बाई, चला माझ्याबरोबर. मला एकट्याला नीट सांगता येणार नाही." पाना हातात होता. दार वाजवलं. लेकीनं उघडलं, पण साखळी तशीच ठेवून. तिचे डोळे सुजलेले. दोघी मायलेकी आदल्या दिवशीच सिनेमा पाहून आल्या होत्या.

आतून वहिनींचा आवाज आला. "कोण आहे?"

"हळूकाका आहेत, आई."

"सांग त्यांना, लाथा मारणारं माणूस आता या घरात राहिलेलं नाही. जिथे गाऱ्हाणं सांगितलं तिथेच जेवा म्हणावं."

"वहिनी, मी असं नाही सांगितलं हो," हळूभाऊ फटीतून म्हणाले.

"मग फोटो कुणाचा लावलाय? माझा? इतकी वर्षं माझ्यासमोर बसून जेवलात. त्यांनी मारलं होतं तर ते असताना सांगायचं, त्यांच्या तोंडावर. मी जाब विचारला असता. ते गेल्यावर परक्याला सांगितलंत? आणि मारलं नव्हतं, तर काय केलंत हे?"

इतकी वर्षं त्या घरात जे बोलायचं नाही असं ठरलेलं, ते हळूभाऊ दाराच्या फटीतून कसं बोलणार? लेकीनं खाली बघत दार लावलं. हळूभाऊंनी दाराला कान लावला. मग म्हणाले, "आत नळ गळतोय. ऐकू येतोय ना?"

सिनेमा धो धो चालला. मग सत्कार निघाला. माझ्याच जुन्या नाट्यगृहात, जिथे मी पहिल्यांदा चेहऱ्याला रंग लावला, तिथे 'शूर चालकाचा गौरव'. मला वाटलं हळूभाऊ नाही म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथे माइक असतो ना?"

सभागृह भरलेलं. मी पुढे बसले होते. सवयीनं मागे वळून शेवटच्या रांगेपर्यंत नजर टाकली तर दाराजवळ नर्सच्या पोशाखात लेक उभी. ड्यूटीवरून सरळ आली होती. काका ते मानचिन्ह घेतात की नाही, हे बघायला आली होती. तिचं तोंडच सांगत होतं.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी गहिवरून हळूभाऊंना माइक दिला. ते म्हणाले, "सिनेमात दाखवलंय ते खोटं आहे. थोरल्यांनी मला कधी मारलं नाही. त्यांच्यासारखा माणूस मी पाहिला नाही."

टाळ्या! सबंध सभागृहाच्या टाळ्या! "किती मोठं मन!" त्या बाई डोळे पुसत म्हणाल्या. "ज्यानं छळलं त्याच्याबद्दलही मनात कटुता नाही!"

"अहो, छळलंच नाही!"

आणखी टाळ्या.

हळूभाऊंना चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ट्रकपुढे बेफाम गाड्या आल्या तरी नाही. त्या दिवशी ते ओरडले, "टाळ्या बंद करा! मी काय नाटक करतोय?" सभागृह चपापलं. त्यांनी हाताची सावली करून अंधारात पाहिलं. मला वाटलं मला शोधताहेत. "ताई, तू आलीयस. मला दिसलीस. वर ये."

लेक दाराजवळून हलली नाही.

"मला बोलता येत नाही गं. दाराशी नाही आलं, इथेही येत नाही. ये, म्हणजे तुला कळेल तरी."

ती आली. रांगांमधून चालत, कुणाकडे न बघता. हळूभाऊंनी मानचिन्हांचं टेबल रिकामं केलं, ती सगळी काचेची खेळणी जमिनीवर ठेवली, आणि तिला टेबलावर बसायला सांगितलं. स्वतः तिच्यापुढे रंगमंचावर मांडी घालून बसले. "बूट काढ. ठेव पाय माझ्या खांद्यांवर." डोळे मिटले. हात पुढे, रणगाडा वळवायचे दोन दांडे धरल्यासारखे. "उजवा दाब. हं, उजवीकडे वळलो. डावा." ती रागानं, संकोचानं, कशानं कोण जाणे, जोरात दाबत होती.

"हळू, ताई. थोरल्यांचा पाय एवढा जड नव्हता."

तिचा पाय थबकला.

"टाच पाठीत. पुढे चाललो. आता समोर खड्डा आहे आणि मला दिसत नाही. डोक्यावर पाय ठेव."

"नाही ठेवणार, काका."

"त्याचा अर्थ थांब असा आहे. नाही ठेवलास तर तिघंही मरतो. ठेव."

तिनं फक्त बोटं टेकवली, त्या पिकल्या केसांवर. हळूभाऊंनी दोन्ही हात मागे ओढले. "थांबलो," ते म्हणाले. "असं आणलं त्यांनी मला. अनवाणी."

मी आयुष्यात पुष्कळ शांतता ऐकल्या आहेत, काही स्वतः मिळवल्या आहेत. त्या सभागृहातली ती एक पुरी व्हायला हवी होती. पण दिग्दर्शकानं माइक ओढून घेतला. "मित्रहो, हीच आहे क्षमेची ताकद! हेच आमच्या सिनेमाला सांगायचं होतं!" आणि लोक उभे राहिले. उभे राहून टाळ्या वाजवल्या. मला तर पायातली वहाण काढून भिरकावावीशी वाटली. वय आडवं आलं. हळूभाऊ लेकीला हात देऊन टेबलावरून उतरवत होते. मानचिन्ह तिथेच जमिनीवर राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीवर बसले होते. जिन्यावर पावलं वाजली, मध्ये थांबली, पुन्हा वाजली. दारात वहिनी. एवढ्या वर्षांत त्या कधी तिथे आल्या नव्हत्या. दम लागलेला, एक हात चौकटीवर.

"लेकीनं सांगितलं," त्या म्हणाल्या. "मला तिच्या तोंडून नको. तुमच्या तोंडून हवंय."

हळूभाऊंनी खाटेवरची चादर सारखी केली. त्या बसल्या. हळूभाऊंनी सांगायला सुरुवात केली, अडखळत. कालवा, वीटभट्टी, हातोड्याला गुंडाळलेले सदरे. झाल्यावर वहिनींनी एकच विचारलं.

"ते घाबरले होते का?"

हळूभाऊ माझ्याकडे बघू लागले. मी खिडकीबाहेर बघितलं. हे उत्तर माझं नव्हतं.

"हो," ते म्हणाले.

"खूप?"

"पाय थरथरत होते, वहिनी. दोन्ही. सबंध वाटभर. माझ्या खांद्यांना कळत होतं. मला वाटायचं, आता हे खाली बसतील, झाकण लावून घेतील. कुणीही घेतलं असतं. नाही बसले. पाय थरथरायचा आणि तस्साच बरोबर जागी पडायचा. एक वळण चुकलं नाही. हे मी त्या पोराला सांगितलं नाही. तोफवाल्यालाही सांगितलं नव्हतं."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. खालच्या गॅरेजमध्ये कुणीतरी इंजिन सुरू करून पाहत होतं, ते बंद पडलं. मग पदर खाली आला, आणि तोंड लालबुंद.

"तरी मी म्हणायची, हा माणूस झोपेत पाय का झाडतो! मी आपली पांघरूण सारखं करत बसायची. सांगायचं नाही होय तुम्ही तिघांनी मला?" त्या उठल्या. "आणि तो मेला! एवढी चांगली गोष्ट आयती हातात दिली होती. घाबरलेला माणूस दाखवायला काय धाड भरली होती त्याला? राक्षसच लागतो? कुठे बसतो तो? दाखवा मला."

"वहिनी, तो ऐकायचा नाही. सिनेमा काही बदलत नाही आता."

"नको बदलू दे. तुमचा फोटो तर काढेल? फोटोखालचं ते 'चालकाच्या तोंडून ऐकलेली सत्यकथा' तर पुसेल? चला. बाई, तुम्हीपण चला. तुमचा आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो ना?"

"पोचतो," मी म्हणाले, "आणि आज तर गल्लीच्या टोकापर्यंत पोचेल."

दिग्दर्शकाचं ऑफिस थंडगार, काचेचं. भिंतीवर तोच राकट चेहरा, छतापर्यंत. टेबलामागच्या मुलीनं सांगितलं, सर मीटिंगमध्ये आहेत, वेळ घेऊन या. वहिनींनी त्या चित्राखालच्या सोफ्यावर हळूभाऊंना बसवलं, मला बसवलं, आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

"काय काम आहे म्हणून सांगू?" मुलीनं विचारलं.

"म्हणावं, थोरल्यांची बायको आलीय," वहिनी म्हणाल्या. "माझा नवरा घाबरला होता. ते सांगितल्याशिवाय मी इथून जाणार नाही."